दानांगला जायचं तर आधी नाश्ता ठरवा, मग हॉटेल

दारव्ह्याकडच्या एका सरांनी विचारलं आहे. मार्च महिन्यात सहा जणं विएतनामच्या दानांग शहराला चालले, पाच रात्री. सर, मॅडम, दोन पोरं अन् आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे, माळकरी, पहाटे साडेचारला उठणारे. आईचे गुडघे दुखतात. पोरांना स्विमिंग पूल पाहिजेच पाहिजे. प्रश्न दोन आहेत: हॉटेल समुद्राला लागून घ्यावं का शहरात घ्यावं, अन् नाश्ता हॉटेलातच धरावा का बाहेर खावं.

सर, हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. मी बरीच वर्षं माणसं घेऊन हिंडतो, सुरुवातीला शेगाव-पंढरपूरच्या बस काढायचो, मग तिरुपती, मग चारधाम, मग नेपाळ करत करत थायलंड-विएतनामपर्यंत गाडी गेली, अन् या सगळ्यात एक गोष्ट मले पक्की समजली की ग्रुपमधलं भांडण कधी देवळात होत नाही, दुकानात होत नाही, ते होते सकाळी साडेसात ते नऊच्या मधात. कोणाला चहा भेटला नाही, कोणी बाथरूम अडवून बसलं, कोणी खाली जाऊन पाहून आलं अन् म्हणून राह्यलं की "सगळं मटणच मांडलं हाय, मी काय खाऊ?" तेवढा दीड तास नीट गेला तर दिवसभर माणूस खुश राहते, हॉटेलात पलंग थोडा कडक असला तरी चालून जाते. म्हणून मी आता हॉटेल निवडताना उलटं करतो. आधी पाहतो सकाळी सहा-सातला त्या गल्लीत चालत जाऊन आपल्या माणसांच्या पोटात काय पडेल, अन् मग त्या गल्लीतलं हॉटेल शोधतो. पूलचा फोटो सगळ्यात शेवटी.

आधी शहर समजून घ्या, सोपं आहे. मधून हान नावाची नदी जाते. नदीच्या पश्चिमेला जुनं शहर, तिथं हान मार्केट, सरकारी ऑफिसं, जुनी खाण्याची दुकानं, अन् विमानतळही त्याच बाजूला, एकदम गावाला लागून, म्हणजे टॅक्सीत बसून पोरांनी खिडकी उघडली की नदी आलीच. नदीच्या पूर्वेला दोन-तीन किलोमीटरची पट्टी अन् मग समुद्र. त्या किनाऱ्याचं नाव "मी खे" बीच. नदीवर पूल आहेत, त्यातला ड्रॅगन पूल २०१३ ला सुरू झाला, लांबी ६६६ मीटर, आठवड्याच्या शेवटी रात्री नऊला त्या ड्रॅगनच्या तोंडातून आधी आग निघते अन् मग पाणी. पोरं वेडी होतात. पण त्याच्याजवळ हॉटेल घेऊ नका, त्या रात्री रस्ते जाम होतात अन् बाबांना नऊला झोपायचं असते.

आता समुद्राला लागून का शहरात. समुद्राला लागून जो मोठा रस्ता आहे त्याचं नाव वो न्गुयेन याप, त्यांच्या सेनापतीचं नाव आहे ते, १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांना हरवलं तो. त्या रस्त्यावर वीस-पंचवीस मजल्यांची हॉटेलं ओळीनं उभी आहेत. फोटोत लय भारी दिसते. पण सकाळी सातला तिथं खाली उतरलं तर काय भेटते? एक रुंद रस्ता, पलीकडे वाळू, अन् अलीकडे मोठमोठी सीफूडची हॉटेलं, त्यांच्या दारात काचेच्या टाक्यांत जिवंत मासे, खेकडे, काय काय वळवळणारं ठेवलेलं. आपण खाणारे असलो तर मजा आहे, संध्याकाळी जा अन् बोट दाखवून घ्या. पण माळकरी माणसाला सकाळी उठून विठ्ठलाचं नाव घेतल्या घेतल्या त्या टाक्यांपुढून जा म्हणणं म्हणजे जुलूम आहे. अन् नाश्त्याचं दुकान त्या ओळीत सापडत नाही, कारण तिथली जागा महाग, पंधरा-वीस हजार डोंगचा (डोंग म्हणजे तिथला पैसा) भात विकणाऱ्या बाईला ते भाडं कुठून परवडेल.

म्हणून माझं उत्तर: समुद्राच्या बाजूलाच राहा, पण पहिल्या ओळीत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत. आन थुओंग नावाचा भाग आहे मी खेच्या दक्षिणेकडे, छोट्या छोट्या नंबराच्या गल्ल्या, तिथं बाहेरचे लोक महिना-महिना राहतात त्यामुळे कॉफीची दुकानं, ब्रेडच्या गाड्या, व्हेज खाण्याच्या जागा सगळं पायाखाली. थोडं गोऱ्या लोकांचं गाव झालं आहे ते, खरं विएतनाम पाहायचं तर नदीच्या पश्चिमेलाच पाहावं, पण आईचे गुडघे पाहता मी तुम्हाला तिकडं पाठवणार नाही. तोच दर्जा, तेवढीच खोली, पहिल्या ओळीपेक्षा बरीच स्वस्त पडते. बीच चालत पाच-सात मिनिटं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काही माहीत नव्हतं. अठरा माणसं होती, फोटो पाहून बुकिंग केलं, वरच्या मजल्यावर पूल, "सी व्ह्यू" लिहिलेलं. जाऊन पाहतो तर समोर नवी इमारत उभी होऊन राह्यलेली, समुद्र दिसायचा तो दोन भिंतींच्या मधातून, हाताच्या पंजाएवढा. सकाळी सातला खड्-खड् सुरू. अरुंद अन् उंच इमारत, लिफ्ट दोन, त्यातली एक बंद, अन् साडेसातला अख्खं हॉटेल नाश्त्यासाठी खाली. आमच्या काकूंना आठव्या मजल्यावरून उतरायला वीस मिनिटं लागली. अन् बाथरूम! बाथरूमला भिंतच नाही, काच. पडदा बाहेरून. एक काका खोलीतून बाहेर आले अन् मले म्हणाले, "भाऊ, हे काय हाय बे, आंघोळ करू का पिच्चर दाखवू?" ते काका सुनेच्या शेजारच्या खोलीत होते, अन् नातू त्यांच्याच खोलीत. दुसऱ्या दिवशी चादर बांधून त्यांनी काम भागवलं.

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी काय काय पाहतो ते सांगतो. हॉटेलनं टाकलेले फोटो सोडून द्या, राहून गेलेल्या माणसांनी टाकलेले फोटो पाहा, त्यात बाथरूम कसं आहे ते कळते. रिव्ह्यू नवे आधी लावा अन् कमी मार्कवाले आधी वाचा, पण सगळ्या रडगाण्यांवर विश्वास ठेवू नका, कोणी लिहिते की वॉचमन हसला नाही, ते सोडा. तीन शब्द शोधा: बांधकाम, ओल, लिफ्ट. दानांगमध्ये सदानकदा काही न काही बांधून राह्यलेले असतात. अन् खारी हवा असल्यामुळे भिंती ओलसर होतात, एसीला गंज चढते, खोलीत कुबट वास येतो, दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी ओलीबद्दल लिहिलं असेल तर ते हॉटेल कितीही स्वस्त असो, घेऊ नका, दम्याच्या माणसाला तर मुळीच नाही. मग खोलीच्या माहितीत खाली बारीक अक्षरात पाहा, स्वस्त खोल्यांना तिकडं पुष्कळ वेळा खिडकीच नसते, अन् ते लिहिलेलं असते, आपणच वाचत नाही.

अन् सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मोबाइलच्या नकाशात त्या गल्लीत उतरून रस्त्याचे फोटो पाहणे. घरी खाटेवर पडल्या पडल्या गल्ली फिरून येता येते. शेजारी काय आहे, प्लॉट रिकामा आहे का, कराओकेचं दुकान आहे का. रिकामा प्लॉट म्हणजे उद्याचं बांधकाम, अन् कराओके म्हणजे काय ते आपल्या लग्नातला डीजे आठवा. अन् बीचकडं जाताना तो मोठा रस्ता कुठं ओलांडायचा, सिग्नल जवळ आहे का, हेही तिथंच दिसते. "बीच २०० मीटर" लिहिलेलं असते पण तो रस्ता ओलांडायलाच आईंना दहा मिनिटं लागतील, तर ते दोनशे मीटर कुठं राहिले? तिकडं मोटारसायकली थांबत नाहीत, तुमच्या बाजूनं वळसा घालून जातात, म्हणून दचकून पळायचं नाही, मागे फिरायचं नाही, बैलजोडीसारखं एका चालीनं जायचं. बाबांना जमेल. आईंचा हात धरा.

पूलचं सांगून टाकतो. गच्चीवरचा पूल म्हणजे आपल्या शेततळ्याच्या चौथाईएवढाही नसते बऱ्याच ठिकाणी. पोरांना पुरते. कपडे घालून उतरू देत नाहीत, पोहायचे कपडे इथूनच घेऊन जा. बस, पूलवर याहून जास्त डोकं घालू नका, समोर एवढा समुद्र आहे.

आता नाश्ता, माझा आवडता विषय.

पहिल्या ट्रिपची दुसरी सकाळ. मी सगळ्यांना घेऊन गल्लीत निघालो, तर एका काकांना दुकानावर बोर्ड दिसला, इंग्रजी अक्षरं, सी-एच-ए-वाय. काका ओरडलेच, "अरे चाय हाय इथं! चाला गा!" सगळे आत घुसले, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसले, चाय चाय म्हणून बोटं दाखवली, बाई हसली, मान हलवली अन् दहा मिनिटांत अठरा वाट्या नूडल्स आणून ठेवल्या. चहाचा पत्ता नाही. झालं असं की त्यांच्या भाषेत "चाय" म्हणजे शाकाहारी. चहाला ते "त्रा" म्हणतात. पण काकांच्या त्या चुकीमुळे आम्हाला दानांगमधला सगळ्यात मोठा खजिना सापडला. हा शब्द जिथं बोर्डावर दिसेल तिथं बाबांना बिनधास्त बसवा. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी खातो. एवढं वाक्य पाठ करून घ्या घरातल्या सगळ्यांकडून, पोरांकडूनही.

हे चायवाले बौद्ध लोकांमुळे आहेत. तिथले पुष्कळ लोक रोज मांस-मच्छी खातात पण चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी अन् पंधराव्या दिवशी पाळतात, म्हणजे आपल्या अमावस्येच्या आसपास अन् पौर्णिमेला. त्या दिवशी एरवी मांस विकणारी गाडीही चायचा बोर्ड लावते. म्हणून मी तारखा ठरवताना घरचं कॅलेंडर काढून पौर्णिमा पाहतो, माझी बायको हसते, म्हणते परदेशाची ट्रिप हाय का सत्यनारायण. हसू द्या. पाच सकाळींतली एक पौर्णिमेला आली की बाबांची मजा. चायवाल्यांकडं मांस-मच्छी नाहीच, बहुतेक ठिकाणी अंडंही नसते, अन् काहीजण तर कांदा-लसूणही वापरत नाहीत.

एकच धक्का बसते, तो आधी सांगून ठेवा. चायच्या ताटात मासोळीसारखं, कोंबडीसारखं, कोळंबीसारखं दिसणारं काहीतरी येते. ते सगळं सोयाबीन नाहीतर गव्हाचं केलेलं असते. आमच्यातले एक आजोबा ताट ढकलून उठले होते, मग मी मालकिणीला विनंती करून आतून सोयाबीनचे दाणे आणायला लावले अन् त्यांच्या हातावर ठेवले. आजोबा म्हणाले, "म्हंजे आपण मार्केट यार्डात भाव न भेटता टाकून येतो, त्याचं हे असं करतात काय?" आपण यवतमाळ-वाशिमवाले सोयाबीन पिकवतो, विकतो, खात मात्र नाही. तिथं जाऊन खाल्लं म्हणजे कळते. सोयाबीनचं मऊ दही, त्यावर आल्याचा गरम गोड पाक, डाउ हू म्हणतात, ते बाबांना नक्की द्या. दात नसले तरी चालते.

बाहेरचा नाश्ता काय काय भेटते ते सांगतो. "मी क्वांग" ही त्या भागाची खासियत, तांदळाचे रुंद नूडल्स, पुष्कळदा हळदीनं पिवळे केलेले, रस्सा अगदी थोडा, वरून भाजलेले फल्लीदाणे, तांदळाचा कुरकुरीत पापड अन् पाला. नेहमीच्यात डुक्कर-कोळंबी असते, चायवाल्यांकडं टोफू अन् मशरूम. आपल्या माणसाला आवडण्याचं कारण म्हणजे दाणे, सांबार (म्हणजे कोथिंबीर) अन् लिंबू. तर्री पोह्याचा लांबचा भाऊ समजा, फक्त तर्री नाही. हिरवी मिरची बाजूला ठेवलेली असते, तिच्या नादी लागू नका, भिवापुरी मिरचीची सवय असलेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी आणते कधी कधी.

बान्ह मी म्हणजे फ्रेंचांनी मागे ठेवलेला ब्रेड, बाहेरून कडक, आतून पोकळ, मधात काकडी, गाजर-मुळ्याचं लोणचं, सांबार अन् मग अंडं किंवा मांस. अंडं खाणाऱ्यांनी "ओप ला" म्हणायचं, तव्यावरचं हाफ फ्राय देतात, हाही शब्द फ्रेंचच. तुमच्या पोरांचा रोजचा नाश्ता हाच होणार, आत्ताच सांगून ठेवतो.

अन् माझा लाडका म्हणजे सोय. चिकट भात, वाफवलेला, त्यात फल्लीदाणे नाहीतर मका नाहीतर मूग, केळीच्या पानात गुंडाळून देतात. सहा ते आठच्या मधात कोपऱ्यावर बाई टोपली घेऊन बसते, आठनंतर संपलं. पंधरा-वीस हजार डोंग, म्हणजे आपले पन्नास ते सत्तर रुपये. पण एक लक्षात ठेवा सर, त्या भातावर वरून कापसासारखं पिंजलेलं तपकिरी काहीतरी टाकतात. ते डुकराचं मांस आहे. "चा बोंग" म्हणतात त्याला, अन् गंमत म्हणजे बोंग म्हणजे त्यांच्याकडं कापूसच. आपण बोंडं वेचणारे लोक, आपल्याला वाटते काहीतरी गोड शेवया आहेत. बाई टोपली उघडल्या उघडल्या आधी "चाय, चाय" म्हणायचं अन् त्या डब्यावर बोट ठेवून नाही म्हणायचं.

दुसरा लपलेला प्रकार म्हणजे मासोळीचं पाणी, नुक माम. पातळ तपकिरी सॉस, त्यांच्याकडं मिठाच्या जागी तेच. चाय न लिहिलेल्या दुकानात तुम्ही नुसती भाजी मागितली तरी त्यात हे असणार. "खोंग नुक माम" म्हणजे मासोळीचं पाणी नको. बोलून पाहा पण अशा दुकानातलं बाबांना देऊ नका, त्यांची खात्री पटणार नाही अन् माझीही पटत नाही.

तुम्ही चौघं खाणारे असाल तर पाच शब्द पुरे: बो म्हणजे गाय-बैल, हेओ म्हणजे डुक्कर, का म्हणजे मासोळी, तोम म्हणजे कोळंबी, अन् गा म्हणजे कोंबडी. हो, गा म्हणजे कोंबडी. आमचे लोक एकमेकांना "काय गा", "चाल गा", "खाय गा" म्हणत बसले होते तर पोरगा तीन वेळा ऑर्डर लिहायला आला.

आपल्यासारखा दुधाचा चहा सहजासहजी भेटत नाही. हे मी रागानं नाही, दुःखानं लिहून राह्यलो. कॉफी आहे, अन् कॉफी लय भारी आहे, पेल्यावर छोटी गाळणी ठेवून थेंब थेंब पाडतात, खाली घट्ट गोड दूध. गरम पाहिजे तर "काफे सुआ नोंग", नाहीतर बर्फ टाकून देतील. पण पहाटे साडेचारला बाबांना त्याचं काय. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी राहते, तुम्ही चहाचं प्रीमिक्स घेऊन जा, सहा माणसं, पाच दिवस, मोजून नाही, दुपटीनं, कारण शेजारच्या खोलीतला कोणी न कोणी भारतीय मागायला येतोच. नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटलीचंच किटलीत टाका. अन् किटलीत फक्त पाणी. आमच्या एका बहाद्दरानं तिच्यात मॅगी शिजवली, हॉटेलनं बिलात किटली लावली, मले भरावी लागली.

आता हॉटेलातला नाश्ता. तिकडच्या बऱ्या हॉटेलांत बुफे असते सहा-साडेसहापासून नऊ-साडेनऊपर्यंत. माळकरी माणसासाठी त्यात काय? फ्राइड राइस म्हणून ठेवतात त्यात मांसाचे तुकडे नाहीतर अंडं. हिरवी भाजी दिसते तिच्यात कालवाचा सॉस. चमचे सगळ्या भांड्यांत फिरलेले. पण एक कोपरा असते, तिथं वाफवलेलं रताळं, मक्याचं कणीस, कधी शिंगाड्यासारखा लागणारा कंद, अन् पुढे कलिंगड, अननस, ड्रॅगन फ्रूट. एकादशी असल्यासारखं तिथंच बसवायचं बाबांना. चांगलं होते ते, मी स्वतः तेच खातो. फक्त त्या चार गोष्टींसाठी पाच दिवस पैसे भरायचे का, हा हिशोब करा. नाश्त्यासहित अन् नाश्त्याशिवाय असे दोन्ही भाव बुकिंगला दिसतात. माणशी रोजचा फरक अडीचशे रुपये धरला तर सहा जणांचे पाच दिवसांचे साडेसात हजार होतात. बाहेर माणशी शंभरात पोट भरते, म्हणजे तीन हजार. उरलेल्या साडेचार हजारांत गाडी करून होई आन नावाचं जुनं गाव फिरून येता, तीस किलोमीटरच आहे.

म्हणून तुमच्यासाठी मी असं केलं असतं. आन थुओंगच्या आत, स्वयंपाकाचा छोटा ओटा असलेलं अपार्टमेंट-हॉटेल, दोन बेडरूमचं एकच, नाहीतर समोरासमोरच्या दोन खोल्या. नाश्त्याशिवायच्या भावात. लिफ्ट आहे हे फोनवर विचारून पक्कं. बाथरूमला भिंत. टबवालं बाथरूम आईंना नको, टबाच्या कडेवरून पाय उचलता येणार नाही, सपाट फरशीवरचा शॉवर पाहिजे. जेट स्प्रे तिकडं बहुतेक ठिकाणी असते, ती काळजी नाही. अन् पोरांसाठी एक दिवस कोणत्याही मोठ्या हॉटेलात पैसे देऊन बुफे खाऊ घाला, बाहेरच्यांनाही देतात बरेच जण, त्यांची हौस फिटते.

बाबांना पहाटेचा प्रश्नच नाही. मी खेचं तोंड पूर्वेला आहे, सूर्य समुद्रातून वर येते, अन् ते दानांगचे लोक आपल्यापेक्षा पहाटेचे. पाच वाजता किनाऱ्यावर म्हातारी माणसं पोहून राह्यलेली, कोणी हातवारे करत व्यायाम, बायांचा घोळका गाण्यावर नाचते. कोळी लोक टोपलीसारख्या गोल होड्या ओढत आणतात. बाबा चहा पिऊन चालत जातील, तासाभरानं येतील, तोवर सोयवाली बाई बसलेली असेल. फक्त समुद्रात एकट्यानं उतरायचं नाही, झेंडे पाहायचे, अन् जीवरक्षक जिथं आहे तिथंच.

एक दिवस "मी सन" नावाच्या जागी जा, साधारण सत्तर किलोमीटर. त्या दिवशी नाश्ता आदल्या रात्रीच बांधून ठेवा, रताळी, केळी, ब्रेड, कारण सहाला निघालं तरच ऊन चढायच्या आधी पाहून होते. चंपा नावाच्या जुन्या राज्यातल्या राजांची शंकराची देवळं आहेत, चौथ्या शतकापासूनची परंपरा, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत, अन् आपल्या भारतीय पुरातत्व खात्यानं तिथं दुरुस्तीचं काम केलं आहे, २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. बाबांना हे आधी सांगू नका, तिथं नेऊन उभं करा. तेवढं लांब जमलं नाही तर शहरातच ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाजवळ चाम, म्हणजे त्याच चंपावाल्यांच्या, मूर्तींचं म्युझियम आहे, गणपती-शंकर सगळे भेटतात. सोन त्रा टेकडीवर लिन्ह उंग पॅगोड्याची पांढरी मूर्ती ६७ मीटरची, करुणेचा बोधिसत्व, तिकडं बाईच्या रूपात. आमच्या ग्रुपमधले दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे लोक तिथं अर्धा दिवस बसले होते, हलायला तयार नव्हते.

मार्च तुम्ही बरोबर निवडला. पुष्कळ जण दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणतात अन् तिथंच फसतात, सप्टेंबर ते डिसेंबर दानांगचा पावसाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबर तर धो धो, होई आनमध्ये पाणी शिरते. अन् आपला कापूसही तेव्हाच वेचायला येते, म्हणजे दोन्हीकडून चूक. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष येते, टेत म्हणतात, तेव्हा दुकानं बंद. मे नंतर ऊन. तुम्ही म्हणाल ४६ डिग्रीचं ऊन पाहिलेल्या माणसाला ३५ चं काय, पण आपलं ऊन भाजते, तिथलं शिजवते.

राहिलेलं पटपट सांगतो. ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये राहण्याचा पत्ता विचारतात, म्हणून आधी फुकट कॅन्सल होणारं बुकिंग करा, मग फॉर्म भरा, एका वेळच्या प्रवेशाचे २५ डॉलर, अन् नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, आपल्याकडं बापाचं नाव मधात येते अन् तिथंच घोळ होते. विमान पहाटे पोचणार असेल तर खोली दुपारी दोनला भेटते हे डोक्यात ठेवा, बॅगा ठेवून घेतात पण आईंना सात तास सोफ्यावर बसवू नका, आदल्या रात्रीचेच पैसे भरून टाका, मी नेहमी भरतो. पासपोर्ट हॉटेलवाले नोंदीला घेतात, संध्याकाळी परत मागून घ्या.

नोटा बहुतेक प्लास्टिकच्या, शून्यं मोजून डोळे फिरतात. वीस हजाराची अन् पाच लाखाची, दोन्ही निळ्या. वीस हजार म्हणजे साठ-सत्तर रुपये अन् पाच लाख म्हणजे दीड हजाराच्या वर. सोयवाल्या बाईला माझ्यासमोर एकानं पाच लाखाची दिली, तिनं परत केली म्हणून बरं. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात, अन् तो खिसा मॅडमकडं.

अन् सर, बाबा नाही पण सोबत कोणी खर्रा खाणारं असेल तर इथूनच सांगून ठेवा. खोलीत कोणत्या डागाला किती दंड त्याचा कागदच ठेवलेला असते पुष्कळ हॉटेलांत. बेसिन लाल करून आम्ही एकदा भरून आलो आहे.

हॉटेल दोन-तीन निवडून ठेवा अन् नावं मला पाठवा. गल्ली पाहून सांगतो.